व्हेनिसच्या छायाचित्रांतून हद्दपार झालेले विसावे शतक

व्हेनिसला रेल्वेने पोहोचणारा प्रवासी आपले पहिले छायाचित्र बहुधा सांता लुचिया स्थानकाच्या रुंद पायऱ्यांवरून घेतो. समोर ग्रँड कॅनॉल, पलीकडे सान सिमेओने पिक्कोलो या अठराव्या शतकातील चर्चचा हिरवा पडलेला तांब्याचा घुमट. चौकट जणू तयारच असते. तीत एकच वस्तू येत नाही : ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर तो उभा असतो ती. हे स्थानक विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झालेले, आडवे, सपाट माथ्याचे, निःसंशय आधुनिक आहे. छायाचित्रकाराची पाठ त्याच्याकडे असते. ही पाठ योगायोगाने फिरलेली नाही, ती एका दृष्टीची शिस्त आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पुढेही हीच शिस्त पाळली जाते. सालुते चर्चचे जगभर खपलेले दृश्य ज्या अकादेमिया पुलावरून टिपले जाते, तो लाकडी पूल १९३३ सालचा आहे (आणि पुढे नव्याने बांधलेला). स्थानकाजवळचा स्काल्झीचा दगडी पूल १९३४ सालचा. शहराला मुख्य भूमीशी जोडणारा मोटाररस्त्याचा पूल १९३३ सालचा आणि त्याच्या टोकाला असलेले मोटारींचे प्रचंड बहुमजली वाहनतळ १९३४ सालचे. या साऱ्यांमागे एउजेनिओ मिओत्सी या एकाच अभियंत्याचे नाव येते. जुने व्हेनिस पाहण्याच्या जागाच त्याने घडवल्या, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तरीही आपल्या प्रवासवर्णनांत गोंडोला, कबुतरे आणि उसाशांचा पूल यांची यादी चुकत नाही, मिओत्सी मात्र सापडत नाही. (सेंट मार्क चौकात कबुतरांना दाणे टाकण्यास २००८ साली बंदी झाली, पण यादीतून ती उडालेली नाहीत.)

यावर ठरलेला आक्षेप असा की, आधुनिक वास्तुकला व्हेनिसने नाकारली आहे, तर कॅमेऱ्याने ती का शोधावी ? फ्रँक लॉइड राइट, ल कॉर्ब्युझिए आणि लुई कान या तिघांचेही व्हेनिससाठी केलेले आराखडे कागदावरच राहिले, ही कथा मोठ्या समाधानाने सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी आहे. ज्यांना नाकारले त्यांची कीर्ती सांगायची आणि जे प्रत्यक्ष बांधले गेले ते चौकटीबाहेर ठेवायचे, हा सोयीचा इतिहास झाला. शिवाय 'जुने' म्हणून आपण जे टिपतो त्याचे वय तरी काय ? सेंट मार्क चौकातील उंच घंटाघर १९०२ साली कोसळले आणि 'होते तसे, होते तिथे' या घोषणेनिशी पुन्हा बांधून १९१२ साली खुले झाले. ला फेनिचे हे नाट्यगृह १९९६ साली जळाले आणि त्याच घोषणेनिशी २००३ साली पुन्हा उघडले. विसाव्या शतकाने जुने सोंग घेतले तर त्याला चौकटीत मानाचे स्थान मिळते; आपल्या स्वतःच्या तोंडाने बोलू लागले की चौकट सरकते.

या दृष्टीचा एक पूर्वज म्हणजे जॉन रस्किन. १८४५ साली व्हेनिसमध्ये त्यांनी डॅगरोटाइप छायाचित्रे विकत घेतली आणि त्यांतील दगडान्‌दगडाच्या तपशिलाने ते हरखून गेले. त्याच मुक्कामात खाडीवर बांधला जाणारा रेल्वेपूल पाहून ते तितकेच संतापले. डोळ्यांदेखत ढासळणाऱ्या वास्तूची नोंद करण्याची त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे; नोंद हे छायाचित्राचे पहिले कर्तव्यच होय. पण त्या नोंदीचे पुढे व्यसन झाले. रस्किन यांच्या ग्रंथांनी रुजवलेल्या आवडीचे धागे आपल्यापर्यंतही पोहोचतात : मुंबईतील जुन्या सचिवालयाची १८७४ सालची इमारत व्हेनिशियन गॉथिक शैलीत आहे. ती उभी राहिली तेव्हा नवीच होती, हे ओव्हल मैदानावरून तिचे 'पुरातन' छायाचित्र घेताना आपल्याही ध्यानात येत नाही.

वास्तुकलेची मासिके या दोषातून मुक्त आहेत, असे मात्र कोणी समजू नये. तिथे आधुनिक व्हेनिस म्हणजे कार्लो स्कार्पा, आणि स्कार्पा म्हणजे तपशील : ऑलिवेत्ती कंपनीच्या टंकलेखनयंत्रांच्या दालनातील (१९५८) संगमरवरी जिना, पितळेची एखादी पट्टी, दगडातली एखादी खाच. माणूस नाही, आवाज नाही, शहर नाही. एखाद्या कवितेतून चार प्रतिमा खुडून त्यांनाच कविता म्हणणाऱ्या समीक्षेसारखा हा प्रकार आहे. क्वेरिनी स्ताम्पालिया या संस्थेचा तळमजला स्कार्पांनी १९६३ साली पूर्ण केला. त्या रचनेचा प्राण असा की भरतीचे पाणी अडवायचे नाही. कालव्याच्या दारातून त्याला आत येऊ द्यायचे, दगडी पायऱ्यांवर चढू द्यायचे आणि माणसाने मात्र कडा उचललेल्या वाटेवरून कोरड्या पायांनी जायचे. येथे पाणी हेच कर्तृपद आहे. कोरड्या दुपारी, रिकाम्या खोलीत घेतलेले त्याचे छायाचित्र म्हणजे क्रियापद गाळलेले वाक्य.

इन्यात्सिओ गार्देल्ला यांचे झात्तेरेच्या धक्क्यावरील घर (१९५८) हे याहून कठीण प्रकरण आहे. शेजारी जुने चर्च, समोर ज्युडेक्काचा रुंद कालवा. घराच्या खिडक्या सरळ रांगेत येत नाहीत, मजले एकसारखे वाटत नाहीत आणि तरीही वॉटरबसमधून जाणाऱ्या अनेकांना ते घर नवे असल्याचे कळतही नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची जी तत्त्वे मांडली, ती शिकवताना या दर्शनी भिंतीइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पण ही लय शेजाऱ्यावाचून ऐकूच येत नाही. प्रवासी चर्च ठेवतो आणि घर कापतो. वास्तुतज्ज्ञ घर ठेवतो आणि चर्च कापतो. दोघेही मिळून कवितेचा एकेक चरण फाडून नेतात. दोन्ही एका चौकटीत हवे असतील तर पाण्यावर जावे लागते, हलत्या बोटीतून नेम धरावा लागतो, कडा किंचित तिरक्या आल्या तरी चालवून घ्यावे लागते. लेन्स सरकवून साधलेल्या निर्दोष उभ्या रेषांपेक्षा हा तिरकेपणा आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो.

आधुनिकतेची आरती करण्याचा आमचा हेतू नाही. कालात्रावा यांच्या २००८ सालच्या पुलाची रात्री उजळलेली छायाचित्रे मोहक आहेत. त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून लोक घसरले, अपंगांसाठी मागाहून बसवलेला सरकता डबा निरुपयोगी ठरून २०२० साली काढावा लागला, हे त्यांत कुठे दिसते ? पूल वाईट आहे एवढ्याने तो टिपू नये असे होत नाही. उलट पायऱ्यांकडे पाहत जपून उतरणाऱ्या माणसासकट तो टिपायला हवा.

कारण प्रश्न शेवटी माणसांचा आहे. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून ठरावीक दिवशी आत येण्यासाठी पाहुण्यांकडून पाच युरोंचे शुल्क घेतले जाऊ लागले. छायाचित्रांमुळे लोक शहर सोडून गेले, असे कोणी म्हणणार नाही. घरभाडी आणि रोजगार यांची कारणे अधिक जड आहेत. पण शहर पूर्ण होऊन संपले आहे, असे दीडशे वर्षे दाखवत राहिल्यावर तिथे नवे घर मागणारा माणूसच उपरा ठरतो. ज्युडेक्का बेटावर जीनो व्हाल्ले यांनी १९८०-८६ या काळात बांधलेली सार्वजनिक वसाहत आहे. मध्यम उंचीची घरे, विटा, अरुंद गल्ल्या, बाहेर वाळणारे कपडे. व्हेनिस अजून व्हेनिस आहे ते अशा वसाहतींमुळे. सचित्र ग्रंथांत मात्र त्याच बेटावरून घेतलेले सेंट मार्कचे दृश्य सापडते, पुन्हा वसाहतीकडे पाठ करून.

जार्दीनी उद्यानाच्या धक्क्यावर लढवय्या स्त्रीचे स्मारक आहे. फॅसिझमविरुद्ध लढलेल्या स्त्रियांसाठी आउगुस्तो मुरेर यांनी केलेले निपचित देहाचे ब्राँझशिल्प, आणि त्याखाली स्कार्पांनी १९६८ साली रचलेले, पाण्यात उतरत गेलेले दगडी ठोकळे. भरतीला पाणी त्या देहावर चढते, ओहोटीला ठोकळे उघडे पडतात. त्याचे योग्य छायाचित्र घ्यायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक हातात ठेवून, निदान दोनदा तिथे जावे लागते.