विश्लेषण : रशियात जन्मलेला इंजिनीअर ‘सीआयए’चा भरवशाचा माणूस कसा झाला? जन्मस्थान पाहून निष्ठा ठरवता येते का?

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ‘सीआयए’ला सोव्हिएत लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या, म्हणजे ‘जीआरयू’च्या, आतली माहिती देणारे दोन मोठे हेर मिळाले : प्योत्र पोपोव्ह आणि ओलेग पेन्कोव्हस्की. दोघांशीही समोरासमोर बसून बोलणारा अमेरिकी अधिकारी एकच होता. त्याचा जन्म मात्र अमेरिकेतला नव्हता, तर चक्क रशियातला होता. परदेशातून आलेल्या माणसावर देशाच्या गुपितांबाबत विश्वास ठेवायचा का, हा वाद आजही अनेक देशांत सुरू आहे. त्यासाठी जॉर्ज किसेव्हाल्टर यांची कारकीर्द समजून घेण्यासारखी आहे.

कोण होते किसेव्हाल्टर?

१९१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. वडील दारूगोळ्याचे जाणकार. पहिल्या महायुद्धात झारच्या सरकारने त्यांना शस्त्रखरेदीच्या कामासाठी अमेरिकेत पाठवले. कुटुंबही सोबत गेले. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, झारची सत्ता गेली आणि परतीचा रस्ताच बंद झाला. कामासाठी आलेले कुटुंब असे निर्वासित झाले.

जॉर्ज डार्टमथ कॉलेजात इंजिनीअरिंग शिकले आणि न्यूयॉर्कच्या उद्यान विभागात नोकरीला लागले. इंजिनीअरिंग करून भलत्याच क्षेत्रात जाणाऱ्यांची आपल्याकडे थट्टा होते. किसेव्हाल्टर यांनी तर फारच लांबचे वळण घेतले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका सोव्हिएत संघाला अलास्कामार्गे हजारो विमाने देत होती. ती न्यायला आलेल्या सोव्हिएत वैमानिकांशी बोलायला लष्कराला रशियन येणारा माणूस हवा होता. घरात बोलली जाणारी भाषा तिथे कामी आली. पुढे लष्करी गुप्तचर विभाग आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सीआयए’, असा त्यांचा प्रवास झाला.

त्यांनी नेमके काय केले?

१९५३च्या सुरुवातीला व्हिएन्ना शहर चार विजेत्या देशांत वाटलेले होते. तिथे ‘जीआरयू’चा अधिकारी पोपोव्ह याने एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या मोटारीत चिठ्ठी टाकून संपर्क साधला. त्याला हाताळण्याची जबाबदारी किसेव्हाल्टर यांच्याकडे आली. पोपोव्ह शेतकऱ्याच्या घरातला होता आणि सोव्हिएत राजवटीने शेतकऱ्यांचे जे हाल केले त्याचा राग त्याच्या मनात होता. हा राग ओळखायला शब्दकोशातली रशियन पुरली नसती. समोरच्याचे गाव, त्याचे विनोद, त्याची भीती कळणारा माणूस हवा होता. सहकारी किसेव्हाल्टर यांना ‘टेडी बेअर’ म्हणत. त्यांचे हत्यार पिस्तूल नव्हते, गप्पा होत्या.

एप्रिल १९६१ मध्ये लंडनच्या माउंट रॉयल हॉटेलात पेन्कोव्हस्कीशी पहिली भेट झाली. खोलीत दोन अमेरिकी आणि दोन ब्रिटिश अधिकारी होते. संभाषणाची मुख्य सूत्रे किसेव्हाल्टर यांच्याकडे होती. पेन्कोव्हस्कीने दिलेल्या क्षेपणास्त्रविषयक कागदपत्रांचा उपयोग ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात नेमकी कोणती क्षेपणास्त्रे उभी आहेत हे ओळखताना झाला. जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर असताना ती माहिती अमूल्य होती. पोपोव्ह आणि पेन्कोव्हस्की दोघेही पुढे पकडले गेले आणि दोघांनाही मृत्युदंड झाला. या कामाची किंमत कोण मोजतो, हेही विसरता कामा नये.

संशयाने काय साधले?

याच काळात ‘सीआयए’ला संशयाने पोखरले. १९६१ च्या अखेरीस सोव्हिएत संघातून पळून आलेल्या अनातोली गोलित्सिन याने सांगितले की, ‘सीआयए’त एक फितूर आहे, तो स्लाव्ह वंशाचा आहे आणि त्याचे नाव ‘के’ अक्षराने सुरू होते. मग शोध सुरू झाला तो आडनावांचा आणि वंशाचा. पीटर कार्लो हे युद्धात एक पाय गमावलेले अधिकारी. त्यांच्या कुटुंबाचे मूळ आडनाव वेगळे, ‘के’नेच सुरू होणारे होते. १९६३ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. ते निर्दोष असल्याचे मान्य होऊन भरपाई मिळेपर्यंत दोन दशकांहून जास्त काळ गेला.

युरी नोसेन्को या ‘केजीबी’ अधिकाऱ्याचे तर याहून वाईट झाले. १९६२ मध्ये जीनिव्हात त्याच्याशी बोलणाऱ्यांत किसेव्हाल्टर होते आणि तो खरा आहे असे त्यांचे मत होते. वरिष्ठांना मात्र तो पेरलेला वाटला. १९६४ मध्ये तो अमेरिकेत आल्यावर त्याला कोणताही खटला न चालवता तीन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवले. अखेर ‘सीआयए’नेच तो खरा असल्याचे मान्य केले.

खरे फितूर कुठले निघाले?

‘सीआयए’चे सर्वाधिक नुकसान करणारा ऑल्ड्रिच एम्स अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मला. त्याचे वडीलही ‘सीआयए’त होते. १९८५ पासून त्याने पैशांसाठी आपल्याच हेरांची नावे मॉस्कोला विकली. १९९४ मध्ये तो पकडला गेला. ‘एफबीआय’चा रॉबर्ट हॅन्सन शिकागोचा. तो २००१ मध्ये सापडला.

याची दुसरी बाजूही आहे. बीजिंगमध्ये जन्मलेला लॅरी वू-ताई चिन ‘सीआयए’त अनुवादक होता आणि अनेक वर्षे चीनसाठी हेरगिरी करत होता; १९८५ मध्ये त्याला अटक झाली. म्हणजे परदेशात जन्मलेले सगळे निष्ठावानच असतात, असेही नाही. जन्माच्या दाखल्यावरून निष्ठाही कळत नाही आणि फितुरीही.

मग उपाय काय?

माणसागणिक तपासणी. बँक खाते, अचानक वाढलेला खर्च, लपवलेले संपर्क, सततची चौकशी. एम्सने राहते घर रोखीने घेतले होते, महागडी मोटार उडवत होता. पगारात हे बसत नाही, हे दिसत असूनही कारवाईला वर्षे लागली. त्याच संस्थेने कधीकाळी एका अक्षरावरून माणसाला घरी पाठवले होते. आडनाव तपासणे सोपे असते, हिशेब तपासणे कष्टाचे. यंत्रणा सोप्या कामाला सुरक्षा म्हणू लागते, तेव्हा धोका वाढतो.

अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या मुलांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न कुतूहलाने विचारला जातो की संशयाने, यावर बरेच काही अवलंबून आहे. आपल्याकडेही आडनाव ऐकून माणसाचा हिशेब मांडण्याची सवय नवी नाही, म्हणून हा धडा फक्त अमेरिकेचा समजू नये.

किसेव्हाल्टर १९७० मध्ये निवृत्त झाले. १९९७ मध्ये ‘सीआयए’ने पन्नास वर्षे पूर्ण होताना आपल्या पन्नास अग्रणींची यादी केली, त्यात त्यांचे नाव होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जन्मस्थळ पाहून १९५०च्या दशकात कुणी त्यांचा अर्ज बाजूला ठेवला असता, तर व्हिएन्नात पोपोव्हची चिठ्ठी आली असती; पण तिला उत्तर द्यायला तोलामोलाचा माणूस नसता.