वाढदिवस घरीच, आणि थीमसकट

जानेवारी, म्हणजे मुलीचा वाढदिवस, जवळ आला की माझ्याभोवती दोन पक्ष पडतात. एक पक्ष घरातच आहे. सासूबाई म्हणतात, "थीम कसली नि काय कसलं! पाटावर बसवा, ओवाळा, हातावर पेढा ठेवा. झाला वाढदिवस." दुसरा पक्ष मला सकाळच्या विरार लोकलमध्ये भेटतो. तिथल्या मैत्रिणी म्हणतात, "घरी कोण करतं गं आता? हॉल घे, पॅकेज घे आणि मोकळी हो." एकीला थीम नको, दुसऱ्यांना घर नको. मला दोन्ही हवं आहे. दोन्ही बाजू मायेनेच बोलतात, म्हणून दोन्हींना उत्तरही नीट दिलं पाहिजे.

आधी सासूबाईंचा पूर्वपक्ष. थीम म्हणजे परक्यांचं खूळ, असं त्यांना वाटतं. पण माझ्या मुलीचं बोरन्हाण त्यांनीच केलं होतं, आणि किती हौसेने! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा दिवस गाठून बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद चढवायचे, आणि मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या. आळीतली पोरं त्या राशीवर तुटून पडतात. रंग ठरलेला, वेश ठरलेला, खाऊ ठरलेला आणि खेळही ठरलेला. याला थीम नाही तर काय म्हणायचं? भोंडल्याचंही तेच. मधे पाटावर हत्ती, त्याभोवती फेर, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. 'आज काय आणलंय' हे ओळखताना मुली जेवढ्या रंगतात, तेवढ्या कुठल्या जादूगारापुढे रंगलेल्या मी पाहिल्या नाहीत.

दिवाळीचा किल्ला तर या सगळ्यांचा राजा. विटा, गोणपाट, लाल माती, वर पेरलेले अळीव, आणि मागच्या वर्षीचे एक हात तुटलेले मावळे. आमच्या वसईत हा उद्योग दिवाळीला संपत नाही. डिसेंबर आला की ख्रिस्ती गावांतली मुलं नाताळचा गोठा उभारायला लागतात. पेंढा, बांबू, कागद, दिव्यांची माळ. दोन महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या अंगणांत, त्याच वयाची मुलं तेच करतात. घरात पडलेल्या वस्तूंतून एक अख्खं जग बनवतात.

आणि या सगळ्यात मजा नेमकी कधी येते? किल्ला पुरा झाल्यावर मूल फक्त राखण करतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "पाहिलात का?" म्हणून विचारतं. मजा असते ती त्याआधीच्या आठ दिवसांत, कोपरापर्यंत माखलेल्या हातांत, "बुरूज ढासळला रे" या आरोळीत. तयारी हाच तिथे खरा सण असतो. औक्षण मला हवंच आहे, ते पहिलं. पण औक्षण हे मोठ्यांनी मुलासाठी केलेलं असतं. मुलाने स्वतः करण्याजोगं काहीतरी त्याच्या दिवसात असावं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्याचा रस्ता थीममधून जातो.

पॅकेजवर माझा पहिला आक्षेप याच ठिकाणी आहे, पैशाचा त्यानंतर. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा एका ठिकाणी चौकशी केली होती. पंचवीस मुलं, दोन तास, 18,000 रुपये. त्यात फुग्यांची कमान, सनबोर्डवर छापलेली राजकन्या, माईकवरून ओरडणारा सूत्रसंचालक, आणि आई-बाबांनी स्टेजवर येऊन कुठे उभं राहायचं याच्या सूचना. मी विचारलं, "यात मुलीने स्वतः काय करायचं?" उत्तर आलं, "केक कापेल ना!" तिथेच माझा निर्णय झाला. त्या दोन तासांत मूल स्वतःच्याच वाढदिवसाला पाहुणं म्हणून जातं. आठ दिवसांचा किल्ला कुणीतरी काढून घेतो आणि त्याबद्दल आपल्याकडून पैसे घेतो.

शिवाय ही सजावट कशाची असते तेही बघा. महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर 2018 मध्ये बंदी आणली. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या बंदीच्या यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, सजावटीचं थर्माकोल आहे, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आहेत, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरही आहेत. जणू मुलांच्या वाढदिवसाचं सामान समोर ठेवूनच ती यादी केली असावी. आणि तरी हॉलच्या मागच्या दाराशी वाढदिवसाच्या रात्री याच वस्तूंचा ढीग पडलेला मी पाहते. पहिल्या मुसळधार पावसात आमचे रस्ते तुंबतात तेव्हा गटाराच्या तोंडाशी काय अडकलेलं असतं, हे वसई-विरारकरांना वेगळं सांगायला नको.

"पण कागद-काड्यांवर मुलांचं काय भागतं?" असं कुणी म्हटलं की मला कोसबाडची टेकडी आठवते. आपल्याच पालघर जिल्ह्यातली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडला गेलं. माँटेसोरीची साधनं महाग, आदिवासी पाड्यावर ती पोचणार कशी? म्हणून या बायकांनी खडे, बिया, शिंपले, पानं, काड्या, माती यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडी या कल्पनेमागे त्यांचं हे काम आहे. स्वस्त म्हणून त्यांनी मुलांना कमी दिलं, असं कुणी म्हणू शकेल? मुलाच्या हाताला काय लागतं हे त्यांना नेमकं कळलं होतं. आपल्या जिल्ह्यात हे घडलं असताना आपण सनबोर्ड विकत आणावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता लोकलमधल्या मैत्रिणींचे दोन आक्षेप. जागा नाही आणि वेळ नाही. दोन्ही खरे आहेत. नालासोपारा-विरारच्या वन रूम किचनमध्ये पंचवीस मुलं मावणार नाहीत. मग पंचवीस बोलवायचीच कशाला? आमच्याकडे नियम आहे, जितकी वर्षं तितके पाहुणे. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा सात मैतर आले, ती धरून आठ जण. आमचा हॉल दहा बाय बाराचा, पलंग तिथेच. त्यात आम्ही अख्खी विरार लोकल चालवली. ती कशी, ते सांगते.

विरारपासून बोरिवलीपर्यंत आठ स्टेशनं होतात. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर, मिरा रोड, दहिसर, बोरिवली. आठ मुलं, आठ स्टेशनं, प्रत्येक जण एका स्टेशनचा मास्तर. मुलं एकदम येत नाहीत, एक चारला तर एक साडेचारला. लवकर आलेली कंटाळून पलंगावर उड्या मारू लागतात, म्हणून पहिली वीस मिनिटं हाताला काम हवं. आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या स्टेशनची पाटी रंगवायची आणि स्वतःचं तिकीट करायचं. खालच्या मजल्यावरचा नववीतला दादा टीसी झाला. त्याला आम्ही कागदाला भोकं पाडायचं पंच दिलं, आणि त्या पंचासाठी तो पुढचे दोन तास न कुरकुरता राबला.

गाडी म्हणजे शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या. नालासोपाऱ्याला सगळे उतरले. तिथल्या स्तूपात 1882 साली संशोधक भगवानलाल इंद्रजींना एकात एक बसवलेल्या डब्या सापडल्या होत्या. ही गोष्ट मी दोन वाक्यांत सांगितली आणि परातभर तांदळात पुरलेला डबा शोधायला लावला. डब्यात डबी, तिच्यात कुंकवाचा करंडा, आणि करंड्यात आठ तीळ-गुळाच्या वड्या. वसई रोडला सुकेळी मिळाली, राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, आमच्या भागाची खासियत. दोघा मुलांनी ती आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली, आणि ती मुलं वसईतच जन्मलेली आहेत! नायगावला मिठागरं, म्हणून तिथे मिठातल्या उकडलेल्या शेंगा. नायगाव-भाईंदरमधली खाडी दोन निळ्या ओढण्यांची. चौघांनी टोकं धरून लाटा करायच्या, बाकीच्यांनी खालून पलीकडे जायचं.

संगीतखुर्ची मात्र मी बदलली. लहान मुलांत तो खेळ मला पटत नाही. पहिल्या मिनिटाला बाद झालेलं मूल पुढची दहा मिनिटं भिंतीला टेकून बघत बसतं, आणि बहुधा ते सगळ्यात लहानच असतं. आमच्या लोकलमध्ये दर फेरीला एक खुर्ची कमी व्हायची, मूल नाही. तिघांच्या बाकावर चौथीला जागा कशी करायची हे विरारच्या मुलांना शिकवावं लागत नाही. शेवटी दोन खुर्च्यांवर आठ जणं, एकमेकांच्या मांडीवर, आणि सगळे ओरडतायत, "जरा सरका!" तो आवाज ऐकून समोरच्या काकू दार उघडून बघायला आल्या.

खर्च वहीत लिहिला आहे. कार्डशीट, घोटीव कागद, सुतळी आणि रंग 210 रुपये. रव्याच्या केकचं सामान 260. भेळ, शेंगा, सुकेळी, सरबत 590. एकूण 1,060. केक कुकरमध्ये तळाला मीठ घालून केला, वरून थोडा तडकला, म्हणून त्यावर पिठीसाखर भुरभुरवली. रिटर्न गिफ्ट वेगळं आणलं नाही. स्वतः रंगवलेली पाटी आणि पंच केलेलं तिकीट प्रत्येकाने घरी नेलं.

वेळेचं उत्तर इतकं सरळ नाही. साडेआठला विरारला उतरणाऱ्या बाईला आठवडाभर रात्री कागद कापत बसा, असं सांगायचा मला अधिकार नाही. पण त्या आठ दिवसांत कापाकापी मी फारशी केलीच नाही. ती मुलीने केली, वाकडीतिकडी. माझ्या वाट्याला रोजचा अर्धा तास आला, आणि तो बहुतेक "आज किती झाल्या पाट्या?" हे विचारण्यात गेला. ज्यांच्या घरी मदतीला आजी नाही, त्यांनी शेजारणीशी वाटून घ्यावं. एका महिन्यात वाढदिवस असणाऱ्या दोन मुलांचा मिळून एकच करावा. इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलांना हाक मारावी. त्यांना एरवी कुणी विचारत नाही, जबाबदारी दिली की ती खुलतात.

एक आक्षेप उरतो आणि तोच मला सगळ्यात जड वाटतो. इतर मुलांमध्ये आपल्या मुलाला कमीपणा येईल. मागच्या वर्षी माझ्या मुलीने हॉल मागितला. वर्गातल्या दोघींचा झाला होता. मी नाही म्हटलं, ती रडली. तो दिवस सोपा गेला नाही, आणि "मुलांना पैशाचं कळत नाही" वगैरे मी म्हणणार नाही. कळतं. त्यांना हेही कळतं की आई घरचं बोलावणं खाली मान घालून करतेय की ताठ मानेने. "या वर्षी आम्ही घरीच करतोय हं, साधंच" असं आपण ओशाळून म्हणतो तेव्हा कमीपणा आपणच मुलाच्या हातात देतो. मी तिची समजूत घातली नाही. तिला वही दिली, म्हटलं, थीम तू ठरव, पाहुणे तू ठरव, खाऊसुद्धा. तिने दोन दिवस वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'किल्ला. खरा. तोफ पाहिजे.'

मेणबत्तीचं राहिलं. दिवा विझवू नये, हे सासूबाईंचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून आमच्याकडे वर्षाला एक अशा पणत्या मूल स्वतः लावतं. पण जी घरं मेणबत्तीवर फुंकर घालतात त्यांच्या आनंदाला मी संस्कृतीच्या नावाने नाक मुरडणार नाही. वसईत पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिल्यावर एवढं तर यायलाच हवं. आणि ते वाढदिवसाचं इंग्रजी गाणं? त्याची चाल अमेरिकेतल्या हिल बहिणींच्या 1893 मधल्या बालगीतांच्या पुस्तकातली, वर्गात सकाळी मुलांना म्हणायच्या गाण्याची. दोघींपैकी एक बालवाडी शिक्षिका होती. पुढे एक कंपनी त्या गाण्याच्या हक्काचे पैसे वसूल करत राहिली, आणि 2015 साली तिथल्या न्यायालयाने तो हक्क अमान्य केला. बालवाडीतल्या आनंदावर बिल लावणारे तिकडेही होते.

या वर्षी पुन्हा किल्लाच आहे, तिच्याच हुकमाने, पण मागच्यापेक्षा मोठा, वसईचा. वाण्याकडून अकरा खोकी आली आहेत. भुईदरवाजा कुठे आणि सागराकडचा दरवाजा कुठे, यावर दोन रात्री वाद झाला, म्हणून रविवारी किल्ल्यात जाऊन बघून आलो. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला, हे कळल्यापासून एक खोकं पडेल असंच ठेवायचं ठरलं आहे. तोफ पुठ्ठ्याच्या नळीची, गोळे मोज्यांचे. नऊ वर्षं, नऊ पाहुणे. दोघं पापडीची आणि एक निर्मळचा, त्यांना आणायला-पोचवायला कोण जाणार एवढंच ठरायचं आहे. पताकांना खळ लागेल म्हणून काल रात्री मी मैद्याचा डबा शोधत होते. तो मिळेना. स्वयंपाकघरात गेले तर सासूबाईंनी गॅसवर पातेलं ठेवलं होतं आणि मुलगी ओट्याशी उभी राहून ढवळत होती.