धुळीचा आणि धुराचा हिशेब

जयपूर-आग्रा रस्त्यावर, दौसा जिल्ह्यात, सिकंदरा हे पाथरवटांचे गाव आहे. जाळ्या, छत्र्या, हत्ती, देवमूर्ती, सारे काही तेथे वालुकाश्मातून कोरले जाते. यंत्राचे पाते सुक्या दगडावर फिरू लागले की कारागीर धुळीच्या लोटात दिसेनासा होतो. या धुळीने सिलिकोसिस होतो, हे राजस्थान सरकारलाही मान्य करावे लागले. 2019 च्या धोरणानुसार रोग प्रमाणित झाल्यास 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये देण्याचे ठरले. परंतु हीच धूळ फुप्फुसाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 सालीच दिला आहे. त्याची वाच्यता क्वचितच होते.

2022 साली जगात या कर्करोगाचे सुमारे 25 लाख नवे रुग्ण आढळले आणि 18 लाख माणसे दगावली. नव्या रुग्णांपैकी 10 लाखांहून अधिक एकट्या चीनमधील. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी 1950 साली सिगारेटकडे बोट दाखविले. तेथील पुरुषांचा मृत्युदर 1970 नंतरच्या दशकांत घसरत गेला, अमेरिकेतील 1990 नंतर. स्त्रियांच्या बाबतीत ही घसरण उशिरा आली. याच काळात सिगारेट कंपन्यांनी आशिया-आफ्रिकेच्या बाजारपेठांकडे मोर्चा वळविला.

अ‍ॅस्बेस्टॉसची कथा याहून उघडीवाघडी. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांतील या कर्करोगाचे प्रमाण डॉल यांनी 1955 साली दाखवून दिले होते. कॅनडाने अनेक दशके तो खणून आपल्याला विकला आणि 2018 साली स्वतःच्या देशात त्यावर बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही आयात चालूच आहे आणि पत्रे गरिबाच्याच डोक्यावर येतात.

सरकारची भूमिका काय? आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचे सुमारे 15 टक्के भाग आहेत. म्हणजे सर्वसामान्यांच्या विम्याचा पैसा सिगारेटच्या नफ्यात गुंतलेला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये बिडीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. येथे आपणही अडचणीचा प्रश्न टाळता कामा नये. सोलापूरच्या बिडी कामगार स्त्रियांची रोजी वाचलीच पाहिजे. पण ती बिडी ओढणारा हमालही आपलाच आहे. केवळ करसवलतीचे स्वागत करून थांबणे म्हणजे कारखानदाराची वकिली करणे होय. त्या स्त्रियांना पर्यायी काम, तेही आजच्या मजुरीहून कमी नसलेले, ही मागणी कामगार संघटनांनीच पुढे रेटली पाहिजे.

दगडावर पाण्याचा फवारा आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे सक्तीची करणे, अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी, आणि नुकसानभरपाईत सिलिकोसिसबरोबर धुळीने होणाऱ्या कर्करोगाचा स्पष्ट समावेश, या मागण्या आजच लावून धरता येतील. आणखी एक मागणी साधी आहे. रुग्णाच्या कागदावर बिडी-सिगारेटची नोंद होते. तो किती वर्षे कोणती धूळ छातीत घेत होता, याची नोंद बहुधा होत नाही. ती व्हावी.