पाठ टेकली की नाही

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या पाहिलेल्यांना माहीत आहे, मल्ल आखाड्यात उतरला की आधी माती कपाळाला लावतो. आखाड्याचा तो मान विसरून २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर नांदेडकडून लढणाऱ्या शिवराज राक्षेने प्रतिस्पर्धी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूने निकाल देणाऱ्या पंचांना लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. आपली पाठ मॅटला टेकलीच नव्हती, हे त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. एका चुकीच्या शिट्टीने पैलवानाचा वर्षभराचा घाम वाया जातो, आणि चित्रीकरण पाहून निकाल तपासा ही मागणी रास्तच होती. पण लाथ बसली त्या क्षणी ती मागणी कुणाला ऐकूच आली नाही. मला जास्त लागले ते हे, की शिवराज घडला काका पवारांच्या तालमीत. काका लातूर जिल्ह्यातले, आणि त्यांचे वस्ताद रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामा. याच तालमीच्या परंपरेतल्या पाटोद्याच्या राहुल आवारेला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी डावलले गेले. त्याचीही तक्रार होती, जखम खोल होती. तो पुन्हा सरावाला लागला आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. संयोजकांनी प्रत्येक वादग्रस्त निकालाची फेरतपासणी तिथल्या तिथे, सर्वांसमोर करावी. आणि वस्तादांनो, पोरांना ढाक, कलाजंग हे डाव शिकवता. विरोधात गेलेला निकाल कसा ऐकायचा, तेही शिकवा.