टेस्ट पेज निघालं, आता राउटर बंद करून पाहा

प्रिंटरची जोडणी पूर्ण झाली याची आपल्या धंद्यात एकच खूण मानली जाते, ती म्हणजे टेस्ट पेज. कागद बाहेर आला की गिऱ्हाईक खूश होतं आणि आपण बॅग आवरतो. मग काही दिवसांनी फोन येतो, ‘‘साहेब, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय.’’ प्रिंटर बिघडलेला नसतो, ड्रायव्हरही उडालेला नसतो. मधे एकदा लाईट जाऊन आलेली असते, एवढंच.

हा फोन टाळता येतो आणि तो टाळणं आपल्याच कामाचा भाग आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. टेस्ट पेज निघाल्यावर राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करावेत, पुन्हा सुरू करावेत, आणि मग दुसऱ्या एखाद्या संगणकावरून व तिथल्याच कुणाच्या तरी मोबाइलवरून पान काढून पाहावं. ते निघालं तरच कॉल बंद करावा.

लाईट गेल्यावर नेमकं काय होतं हे कामाला लागलेल्या नव्या मुलांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. वायफायवरच्या प्रिंटरला पत्ता देतो तो राउटर. समजा तो १९२.१६८.१.५ असा होता. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये कुणाला कोणता पत्ता दिला याची नोंद तात्पुरत्या मेमरीत असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. वीज आल्यावर तोच ५ एखाद्या मोबाइलला जाऊ शकतो आणि प्रिंटरला ९ मिळतो. संगणक मात्र अजून ५ वरच कागद पाठवत राहतो. कधी प्रिंटर राउटरच्या आधी तयार होतो, त्याला पत्ता देणारं कुणी भेटत नाही आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. प्रिंटरमधून नेटवर्कची माहिती देणारा कागद काढलात आणि त्यावर १६९.२५४ दिसलं, तर ड्रायव्हरला हात लावू नका. दोष तिथे नाही.

उपाय जुनाच आहे, फक्त आळसाने केला जात नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि आयपी यांची कायमची गाठ बांधून टाकावी. ब्रॉडबँडवाल्याने राउटरचा पासवर्ड दिला नसेल तर प्रिंटरच्या पॅनलवरून स्थिर आयपी द्यावा, पण राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा. टप्प्याच्या आतला दिलात तर कधी ना कधी दोन यंत्रांना एकच पत्ता मिळेल आणि तो घोळ शोधण्यात अर्धा दिवस जाईल. आम्ही पहिल्या पद्धतीच्या बाजूचे आहोत. मात्र राउटर बदलला की ती गाठ सुटते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं. नवा राउटर बसवताना वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, तर प्रिंटरपासून मोबाइलपर्यंत बहुतेक सगळं आपोआप पुन्हा जोडलं जातं. आणि आयपी, वायफायचं नाव, जोडणीची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी प्रिंटरच्या मागे चिकटवावी. पुढच्या वेळी तिथे दुसरा तंत्रज्ञ गेला तरी त्याचे कष्ट वाचतील.

विंडोज आपणहून प्रिंटर शोधून देतं तेव्हा पुष्कळदा तो डब्ल्यूएसडी पोर्टवर बसवतं. ‘ऑफलाइन’च्या तक्रारी या पोर्टवर फार येतात. तो काढून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा. त्याच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची खूण असते, म्हणजे विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहतं. प्रिंटरने त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर तो धडधाकट चालू असूनही विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं. अशा ठिकाणी ती खूण काढली की काम होतं.

आणखी एक गोष्ट आता घरोघरी दिसते. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय असतं आणि गिऱ्हाइकाने रेंजसाठी त्याच्यापुढे आपला राउटर लावलेला असतो. नेटवर्क दोन, नावं दोन. संगणक एकावर, प्रिंटर दुसऱ्यावर. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. प्रिंटर ‘मी इथे आहे’ अशी जी हाक देत असतो ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला की सगळं एकाच नेटवर्कवर येतं.

मोबाइलच्या जोडणीकडे आपण अजून ‘जमलं तर बघू’ म्हणून पाहतो, हे चुकीचं आहे. पतसंस्थेत, वकिलाच्या ऑफिसात, शाळेच्या कार्यालयात आज कागद मोबाइलवरच येतात. तिथे काय चालतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मोबाइलवरची फाइल व्हॉट्सॲपने ऑफिसच्या संगणकावर पाठवायची, तिथे उतरवायची, मग छापायची. प्रिंटर हाताच्या अंतरावर असतो आणि त्याच्यात थेट छापण्याची सोय असते, पण ती कुणी सुरू करून दिलेली नसते. लोकांच्या आधार कार्डांच्या आणि सातबाऱ्यांच्या प्रती त्या संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये महिनोन् महिने पडून राहतात. आपण जोडणी पुरी केली असती तर हे झालं नसतं.

खरं तर ही जोडणी आता सोपी आहे. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये मोप्रिया ही संस्था काढली. दोन्हींच्या मुळाशी आयपीपी ही एकच भाषा आहे, पोर्ट ६३१. अँड्रॉइड ८ पासून छपाईची सोय फोनमध्येच येते, त्यामुळे नेहमीच्या छपाईसाठी दर कंपनीचं वेगळं ॲप टाकण्याची गरज राहिलेली नाही. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. बरेच छोटे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून पहिल्या जोडणीच्या वेळी फोन ५ वर असेल तर प्रिंटर सापडत नाही. फोन गेस्ट वायफायवर असेल तर राउटर त्याला प्रिंटरपर्यंत पोहोचूच देत नाही. फोनवर व्हीपीएन सुरू असेल तरी तेच. कंपनीचं ॲप टाकलंच तर ते लोकेशनची परवानगी मागतं आणि गिऱ्हाईक बिचकतं. अँड्रॉइडमध्ये आसपासची वायफाय नेटवर्कं शोधायला ॲपला ती परवानगी लागत आली आहे, हे शांतपणे समजावून सांगा आणि जोडणी झाल्यावर परवानगी काढूनही दाखवा. विश्वास असाच मिळतो.

आता एक कठीण बोलायचं आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड उघडकीला आलं. त्यातून दूरवरचा माणूस संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. त्या काळात मायक्रोसॉफ्टने स्पूलरचे नियम एकामागून एक कडक केले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअरिंगवरचे प्रिंटर जागोजागी बंद पडले. आपण जिला ‘११बी’ म्हणतो ती हीच एरर. त्यावर आपल्यातल्या अनेकांनी दोन उपाय पाठ केले आहेत, अपडेट काढून टाकायचं किंवा रजिस्ट्रीतली एक किंमत शून्यावर आणायची. दोन्हींनी प्रिंटर चालतो. दोन्हींनी गिऱ्हाइकाच्या संगणकाचं दारही उघडं राहतं आणि त्याला ते कुणी सांगत नाही. ज्या पतसंस्थेत शेकडो खातेदारांची माहिती आहे, तिथे हे करून निघून जाणं आम्हाला मान्य नाही.

दुसरे मार्ग आहेत. प्रिंटरला नेटवर्क असेल तर शेअरिंग हवंच कशाला? प्रत्येक संगणक थेट प्रिंटरच्या आयपीशी जोडा. मधला संगणक बंद असला तरी छपाई होते, हा वरचा फायदा. प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर दोन्ही संगणक अद्ययावत करा. शेअर करणाऱ्या संगणकावर छपाईपुरतं वेगळं, पासवर्ड असलेलं खातं बनवा, ते दुसऱ्या संगणकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये भरा आणि लोकल पोर्ट निवडून त्याला शेअरचा पूर्ण पत्ता द्या. वेळ थोडा जास्त जातो. तो बिलात लावा, आणि कशासाठी लावला तेही लिहा.

पुढची दोन वर्षं आपल्यासाठी महत्त्वाची आहेत. इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं. त्या वेळापत्रकानुसार २०२६ मध्ये विंडोज स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला पहिली पसंती देऊ लागेल आणि २०२७ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून बाकीचे बदल त्या वाटेने येणार नाहीत. कंपन्यांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरवर बंदी नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. ड्रायव्हरच्या सीड्या सांभाळण्याचं कौशल्य कमी लागेल, नेटवर्क समजण्याचं जास्त लागेल. मराठी छपाईला यात फायदाच आहे. आयपीपीच्या या पद्धतीत प्रिंटरकडे पीडीएफ किंवा पानाचं तयार चित्र जातं. चित्र गेलं की जोडाक्षरं संगणकावर किंवा फोनवरच घडलेली असतात, प्रिंटरला देवनागरी येण्याची गरज उरत नाही. प्रिंटरच्या आतला फाँट वापरल्यामुळे तुटलेल्या रफारांच्या आणि वेलांट्यांच्या तक्रारी ज्यांनी निस्तरल्या आहेत, त्यांना याचं मोल कळेल.

राहता राहिले एचपी १०२० आणि कॅनन २९००. गावोगावच्या टेबलांवर ही यंत्रं अजून इमानाने चालताहेत, पण दोन्ही फक्त यूएसबीची आणि पानाची सगळी आखणी संगणकावर सोपवणारी. १०२० तर दर वेळी सुरू झाल्यावर आपलं फर्मवेअरही संगणकाकडून मागून घेतो, म्हणून राउटरच्या यूएसबी पोर्टला लावला तर बहुधा चालत नाही. ती फेकायला लावू नका. एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कप्स हे छपाईचं सॉफ्टवेअर बसवलं, तर तोच प्रिंटर मोबाइललाही एअरप्रिंटसारखा दिसतो. १०२० साठी लिनक्सवर मुक्त ड्रायव्हर आहे आणि तो रास्पबेरी पायवरही चालतो. २९०० साठी कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या संगणकासाठी आहे, तेव्हा तिथे जुना डेस्कटॉपच बरा. मात्र कुणी आज नवा प्रिंटर घ्यायला निघालं आणि तुमचा सल्ला विचारला, तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं असल्याशिवाय हो म्हणू नका.

१०२० आणि कप्सची मांडणी पुढच्या अंकात पायरीपायरीने देत आहोत. ज्यांनी ती आधीच चालवली आहे, त्यांनी कोणतं लिनक्स टाकलं, लाईट जाऊन आल्यावर सगळं आपोआप सुरू होतं का आणि कुठे अडलं, हे आम्हाला जरूर लिहून पाठवावं.