एका डोळ्याची दंतकथा

गेल्या हिवाळ्यात घाटकोपरच्या एका व्याख्यानास आम्ही गेलो होतो. विषय होता जुन्या बोलपटांतील नट्यांचा. वक्ते बहुश्रुत, सभागृह भरलेले. आणि ललिताबाई पवारांचे नाव निघताच जे नेहमी होते तेच तेथेही झाले. १९४२ सालचा ‘जंग-ए-आझादी’ हा चित्रपट, मास्टर भगवान यांचा नको तितक्या जोराने बसलेला हात, चेहऱ्याचा पक्षाघात, डाव्या डोळ्यास कायमचे आलेले अधूपण, लांबलेले औषधोपचार. वक्त्यांनी ही हकीकत रंगवून सांगितली, श्रोते हळहळले, आणि अखेरीस निकाल देण्यात आला की, त्या एका थपडेने हिंदी पडद्याला त्याची अजरामर खाष्ट सासू मिळवून दिली! टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही टाळी वाजविली नाही. का वाजविली नाही, ते सांगणे प्राप्त आहे.

हकीकत खरी आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्यातून काढण्यात येणाऱ्या अनुमानाशी. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्यास सुतार ठरविण्याचा हा प्रकार आहे. थपडेने डोळा अधू होतो. अभिनय त्याने येत नाही.

पडताळा पाहावयाचा असल्यास १९५५ हे एकच साल पुरे आहे. त्या वर्षी गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये ललिताबाई सीतादेवी झाल्या : श्रीमंत, मानी, पुरुषजातीचा तिटकारा बाळगणारी आणि भाचीचे लग्न केवळ घटस्फोटापुरते जुळविणारी आत्या. (त्या चित्रपटाने स्त्रियांच्या हक्कांची जी थट्टा केली आहे ती आम्हांस मुळीच रुचत नाही, पण तो वाद वेगळा.) आणि त्याच वर्षी राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या पदपथावर केळी विकणाऱ्या गंगामाई झाल्या. मुंबईत नव्याने आलेल्या उपाशी तरुणाशी ही बाई घासाघीस करते, त्याच्यावर डाफरते, आणि पाहता पाहता त्याची आई होऊन बसते. डोळा तोच, पापणीचे मिटणे तेच. एकीकडे त्या पापणीत तुच्छता दिसते, दुसरीकडे माया. व्यंगच जर अभिनय करीत असते, तर ते दोन्ही ठिकाणी एकच भाव दाखविते. मग फरक कोणी केला? मानेच्या ताठ्याने आणि तिच्या लवण्याने, शब्द तोडण्याने आणि ओढण्याने, समोरच्याचे बोलणे ऐकताना क्षणभर थांबण्याने. हे सारे कमावलेले होते, आणि कमावण्यास थपडेच्याही आधीची वर्षे लागली होती.

त्या वर्षांचा तर आपणांस जवळजवळ विसरच पडला आहे. १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवल्यात जन्मलेली ही मुलगी १९२८ साली, म्हणजे पडद्याला वाचा फुटण्यापूर्वीच, मूकपटात उभी राहिली. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटात तिने काम तर केलेच, पण त्याच्या निर्मितीतही भाग घेतला; पुढे ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही काढला. नायिका म्हणून तिने नाव मिळविले. सोळा वर्षांची मुलगी त्या काळी चित्रपटाच्या निर्मितीत हात घालते, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानात टाळी घेण्याजोगी नव्हे काय? पण तीत रक्त नाही, अश्रू नाहीत, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही. शब्दात शोभा अशी की, अशा नटीस आपण ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणतो, आणि तिचे चरित्र मात्र एका दिवसात गुंडाळतो!

कोणी म्हणेल, अपघात न होता तर बाई नायिकाच राहिल्या असत्या. काही वर्षे राहिल्याही असत्या. अपघाताने त्यांचे मोठे नुकसान केले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नुकसान आणि देणगी यांत भेद करावयास हवा. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्यांनी आनंदीबाई उभी केली, ती काय डोळ्याच्या भरवशावर? ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून महाराष्ट्राच्या जिभेवर रुळलेली ती बाई पेलावयास आवाज लागतो, आब लागतो.

इंग्रजांची एक गोष्ट येथे घेण्यासारखी आहे. मार्गारेट रदरफर्ड ही त्यांची नामांकित चरित्र अभिनेत्री. तिशी उलटल्यावर रंगभूमीवर आलेली ही बाई रूढ अर्थाने सुंदर कधीच नव्हती. तिच्या हनुवटीवर तिकडच्या समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. पण लिहिले ते ती हनुवटीकडून काय काय करवून घेते याविषयी. हनुवटी हे तिचे वाद्य मानले गेले. १९६७ साली तिला ‘डेम’ हा किताब मिळाला. आमच्याकडे ललिताबाईंचा डोळा वाद्य ठरला नाही, तो नशिबाचा फेरा ठरला. कर्तृत्व बाईचे, आणि श्रेय मात्र थपडेचे!

१९५९ च्या ‘अनाडी’तील मिसेस डिसा आठवा. तोंडाने फटकळ, मनाने लोण्याहून मऊ अशी ही ख्रिस्ती घरमालकीण भेसळीच्या औषधाने मरते, तेव्हा प्रेक्षागारात कोणाचे डोळे कोरडे राहत नाहीत. या भूमिकेस फिल्मफेअरने सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. पुढे १९८७ साली दूरदर्शनच्या ‘रामायणा’त त्या मंथरा झाल्या आणि घरोघरच्या मुलांनी त्यांच्यावर दात खाल्ले. मिसेस डिसा पाहिलेल्या आजीने त्याच मुलांजवळ बसून त्याच बाईस शिव्या घातल्या असतील. नटीस याहून मोठी पावती कोणती मिळावयाची?

‘श्री ४२०’ काढणारा चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत होरपळला आणि पुढे विकलाही गेला. घाटकोपरहून तो हाकेच्या अंतरावर होता. व्याख्यानमालेच्या चालकांस आमची एक सूचना आहे. पुढील वर्षी वक्ता बोलावू नका. १९५५ चे ते दोन्ही चित्रपट एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, त्याच सभागृहात दाखवा, आणि मध्यंतरात श्रोत्यांस एवढेच विचारा की, अधू डोळा कोणता होता. पडद्याचे व यंत्राचे भाडे आम्ही देऊ.