मापात पाप, आठ पटींचं

गेल्या दिवाळीत मी घरच्या इंटरनेटचा प्लॅन वाढवून शंभर एमबीपीएसचा घेतला. दोन दिवसांनी सहा जीबीची एक फाईल उतरवायची होती. सेकंदाला शंभर एमबी, सहा हजार एमबीला साठ सेकंद, असा साधा हिशेब. लागली साडेआठ मिनिटं. कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीचं उत्तर आलं, "सर, तुमचा स्पीड अठ्ठ्याण्णव येतोय, एकदम ओके आहे." मी विचारलं, "अठ्ठ्याण्णव काय?" ती म्हणाली, "एमबी, सर."

ती मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं शिकवलं होतं, तेवढं तिने सांगितलं. माझा राग तिच्यावर नाही. ग्राहकाला हा फरक कळू न देण्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्यावर आहे.

फरक असा. वेग मोजतात मेगाबिटमध्ये, फाईल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट, आणि वाटेतल्या तांत्रिक खर्चामुळे हातात पडतात त्याहूनही कमी. इंग्रजीत निदान बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहायची पद्धत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. 'एमबीपीएस' असं छापलं की बिट आणि बाइट एकाच वेशात उभे राहतात. मराठी जाहिरात वाचणाऱ्याने कितीही डोळे फाडून पाहिलं तरी त्याला फरक दिसणार नाही, कारण तो कागदावर नाहीच.

त्याहून संताप येतो तो एकाच पानावर दोन मापं वापरण्याचा. वेग सांगायचा तेव्हा बिट, कारण आकडा आठ पट फुगतो. रोजचा कोटा सांगायचा तेव्हा बाइट. दोन्ही एका मापात आले तर काय दिसेल? दिवसाला दीड जीबी मोबाइल डेटा म्हणजे बारा हजार मेगाबिट. चाळीस एमबीपीएसच्या वेगाने तो तीनशे सेकंदांत संपतो. दिवसभराचं म्हणून विकलेलं इंटरनेट पूर्ण वेगाने वापरलं तर पाच मिनिटांचं! कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग चौसष्ट केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. दोन एमबीचा एक फोटो पाठवायला चार मिनिटांहून जास्त. आणि अशा प्लॅनवरही 'अनलिमिटेड' छापायला यांचा हात थरथरत नाही.

अभियंते म्हणतील, तारेतून बिटच धावतो. खरं आहे. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणीला आठ बिट द्यायचे. त्यातून चौसष्ट हजार बिटांची एक वाहिनी बनली. अशा बत्तीस वाहिन्या मिळून दोन मेगाबिटांहून थोडी मोठी लाइन होते. या हिशेबात बिटच सोयीचा. 'बाइट' हा शब्द आयबीएममध्ये वर्नर बुखोल्झ यांनी 1956 साली घडवला, तेव्हा तो आठच बिटांचा असेल असंही ठरलेलं नव्हतं. एक्स्चेंजच्या आत हे माप अगदी रास्त आहे. पण गिऱ्हाईक एक्स्चेंजमध्ये राहत नाही. तो फोटो, फिल्म, पीडीएफ उतरवतो आणि त्याच्या पडद्यावर उतरणाऱ्या फाईलचा वेग बाइटमध्येच दिसतो.

त्याच 1956 साली या देशाने मेट्रिक मापांचा कायदा केला आणि शेर-मणाला बाजाराबाहेर काढलं. आजही किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. दहा ग्रॅम डाळ कमी भरली तर त्याला जाब द्यावा लागतो. इंटरनेट विकणाऱ्याच्या काट्याला शिक्का कुणी लावायचा?

सरकार स्वतःच बिटच्या मापात बोलतं. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी किमान मर्यादा 2004 मध्ये 256 केबीपीएस होती, 2013 मध्ये 512, आणि 2023 पासून 2 एमबीपीएस. बाइटमध्ये वाचा: सेकंदाला 32 किलोबाइट, 64 किलोबाइट, 250 किलोबाइट. आजच्या किमान ब्रॉडबँडवर एक जीबी उतरवायला तासाहून अधिक वेळ लागतो. हा आकडा साध्या शब्दांत छापला असता, तर 2023 मध्ये कुणी त्याला प्रगती म्हटलं नसतं.

मागणी छोटी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक नियम करावा: जाहिरातीत आणि बिलावर वेगाच्या शेजारी 'सेकंदाला इतके मेगाबाइट' हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापा, आणि भारतीय भाषांत आद्याक्षरांऐवजी 'मेगाबिट', 'मेगाबाइट' हे शब्द पूर्ण लिहा. यासाठी एक नवी तार टाकावी लागत नाही, एक टॉवर उभारावा लागत नाही. आठाने भागता आलं की झालं. एवढंही होत नसेल, तर गोंधळ अडाणीपणाचा नाही, फायद्याचा आहे.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर प्लॅन विकायला माणूस दारात आला की त्याला पेन द्या आणि म्हणा, "सेकंदाला किती मेगाबाइट, ते या फॉर्मवर लिहा आणि खाली सही करा." तो लिहील, मगच तुम्ही सही करा.